गांधीलमाशी चावली : कोणता डंख घरी सोसायचा, कोणता दवाखान्यात न्यायचा?

सिल्वासा : पावसाळा सरत आला की खानवेल-दुधनी पट्ट्यात आणि सीमेपलीकडच्या पालघर जिल्ह्यात, तलासरी-जव्हार-मोखाड्यात, एकच लगबग सुरू होते. गवत कापायचे, नागली-वरई काढायची, भात आवरायचे. नेमक्या याच दिवसांत गांधीलमाश्यांची पोळी सर्वांत मोठी झालेली असतात. कुठे बांधावरच्या झुडपात, कुठे झाडाच्या ढोलीत, कुठे जमिनीतल्या बिळात. विळा झुडपात जातो, पोळ्याला धक्का लागतो आणि क्षणात माश्या अंगावर येतात.

गावात अशा वेळी दोन टोकाच्या गोष्टी ऐकू येतात. एक, ‘काही नाही होत, चुना लाव, उतरेल.’ दुसरी, ‘अमक्याच्या पाहुण्याला एकच माशी चावली आणि माणूस गेला.’ दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या असू शकतात. बहुतेक डंख खरोखरच घरी बरे होतात. पण थोड्या माणसांच्या बाबतीत एकच डंख काही मिनिटांत जिवावर बेततो. हा फरक ओळखता आला पाहिजे. तो ओळखायला डॉक्टर असण्याची गरज नाही, काय बघायचे ते माहीत असले म्हणजे झाले.

धोका तीन प्रकारचा असतो. पहिला, ज्या माणसाला या विषाची ॲलर्जी आहे त्याला बसलेला एखादाच डंख. दुसरा, ॲलर्जी नसली तरी एकाच वेळी बसलेले खूप डंख. तिसरा, तोंडात किंवा घशात बसलेला डंख. बाकी सगळे दुखणे त्रासाचे आहे, पण जीवघेणे नाही.

आधी ओळख : चावली कोण?

आपल्याकडे ‘माशी चावली’ या एका वाक्यात बरेच कीटक येतात. सिल्वासात गुजराती बोलणारे जिला ‘भमरी’ म्हणतात ती आपली गांधीलमाशी. हिचे अंग गुळगुळीत, कंबर सुतासारखी बारीक आणि पोटावर बहुधा पिवळे किंवा तांबूस पट्टे असतात. मधमाशीचे अंग केसाळ असते आणि कंबर इतकी बारीक दिसत नाही.

गांधीलमाश्यांतही प्रकार आहेत. खिडकीच्या जाळीला, पत्र्याच्या शेडखाली, एसीच्या बाहेरच्या डब्यामागे जे छोटे उघडे, कागदासारखे पोळे लटकलेले दिसते ते कागदी गांधीलमाश्यांचे. लाकडाचा भुसा चावून, त्यात लाळ मिसळून त्या हा ‘कागद’ तयार करतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. राघवेंद्र गदगकर यांनी याच गटातल्या रोपालिडिया मार्जिनाटा या भारतीय जातीचा अनेक दशके अभ्यास केला आहे. या माश्यांची वस्ती लहान असते, त्यामुळे डंखही सहसा एकदोनच बसतात.

दुसरा प्रकार मोठ्या गांधीलमाश्यांचा. अंगाने थोराड, काळपट, पोटावर ठळक पिवळा पट्टा. यांचे पोळे ढोलीत, जमिनीत, भिंतीच्या पोकळीत किंवा झाडावर चेंडूसारखे असते. बाहेरून फक्त एक भोक दिसते, आत शेकडो माश्या असू शकतात. कापणीच्या दिवसांत जास्त भीती यांचीच.

आणि उंच झाडावर, पाण्याच्या टाकीखाली, इमारतीच्या सज्ज्याला जे मोठे काळे मोहोळ लटकते ते आग्या मोहोळ. त्या मधमाश्या, गांधीलमाश्या नव्हेत.

ही ओळख कामाची आहे. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. ती कातडीत अडकते, विषाच्या पिशवीसकट तुटते आणि मधमाशी मरते. म्हणून मधमाशी चावली तर काटा लगेच काढावा लागतो. नखाने काढा, चिमटीने काढा, कसाही काढा, पण पटकन. काटा कोणत्या पद्धतीने काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचे, असे १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात दिसून आले. गांधीलमाशीची नांगी मात्र तुटत नाही. ती एकच माशी पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. तेव्हा गांधीलमाशी चावल्यावर काटा शोधत जखम कुरतडत बसण्यात अर्थ नाही.

डंखात असते तरी काय?

विषाचे प्रमाण अगदी नगण्य, मिलिग्रॅमचा छोटासा अंश. पण त्यात अनेक घटक असतात. हिस्टामिन आणि सेरोटोनिनसारख्या द्रव्यांनी आग होते आणि लाली येते. पेशींची आवरणे तोडणारी विकरे असतात, विष आजूबाजूला पसरायला मदत करणारी विकरे असतात. मोठ्या गांधीलमाशीच्या विषात ॲसिटिलकोलिनही असते, म्हणून तिचा डंख इतका झोंबतो.

यातली काही प्रथिने अशी असतात की एखाद्याचे शरीर त्यांना ‘शत्रू’ म्हणून लक्षात ठेवते. पहिल्या डंखाला काही विशेष होत नाही, पण शरीर आतल्या आत त्या विषाविरुद्ध विशिष्ट प्रतिपिंडे तयार करून ठेवते. पुढचा डंख बसला की ती प्रतिपिंडे एकदम जागी होतात आणि अंगभर द्रव्ये सुटतात. म्हणूनच ‘मला आधी चावली होती, काही झाले नव्हते’ हा भरवशाचा पुरावा नाही.

साधा डंख : घरी काय करावे?

ज्या जागी चावली तिथेच दुखणे, आग, लाली, खाज आणि थोडी सूज, एवढेच असेल तर तो साधा डंख. दुखणे काही तासांत कमी होते, सूज एकदोन दिवसांत उतरते.

सगळ्यात आधी त्या जागेवरून दूर व्हावे. पोळे जवळ असेल तर उपचार नंतर.

हातावर चावली असेल तर अंगठी, बांगड्या, कडे लगेच काढून ठेवावे. पायावर असेल तर जोडवी, पैंजण. सूज चढल्यावर ते निघत नाही आणि बोट आवळले जाते.

जागा साबण-पाण्याने धुवावी. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे धरावा, मग थोडे थांबून पुन्हा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये. फ्रिज नसेल तर माठातल्या पाण्यात भिजवलेले फडकेही चालते. हात किंवा पाय उंच ठेवावा.

दुखत असेल तर पॅरासिटामॉल, खाज असेल तर सेटिरिझिनसारखी गोळी. लहान मुलांना वजनाप्रमाणे, डॉक्टर किंवा आरोग्यसेविकेला विचारून. या गोळीने झोप येऊ शकते, त्यामुळे घेऊन बाइक चालवू नये, वर दारू तर नकोच.

आणि सगळ्यात महत्त्वाचे : चावल्यानंतर निदान तासभर माणसाला एकटे सोडू नये. शेतात चावली म्हणून ‘तू घरी जा, पड जरा’ असे सांगून एकट्याला पाठवणे धोक्याचे. कोणीतरी जवळ बसावे, बोलत राहावे, चेहरा आणि श्वास बघत राहावे.

चुना, लोखंड, माती

गावोगाव उपाय ठरलेले आहेत. चुना लावायचा, कांदा चोळायचा, विळ्याचे लोखंड घासायचे, ओली माती थापायची. कुठे रॉकेलही लावतात. मधमाशीचे विष आम्लधर्मी म्हणून सोडा लावा, गांधीलमाशीचे उलटे म्हणून व्हिनेगर किंवा लिंबू लावा, असाही एक सल्ला मोबाइलवर फिरतो. पण विष कातडीच्या आत गेलेले असते आणि त्रास त्यातल्या प्रथिनांमुळे होतो. वरून काय चोपडले याने ते निकामी होत नाही.

थंड माती किंवा कांद्याने बरे वाटते ते बहुतेक गारव्यामुळे. तो गारवा पाण्याच्या फडक्यानेही मिळतो, तेही जखमेत घाण न जाता. शेणमातीतून धनुर्वाताचे जंतू जाऊ शकतात. चुन्याने कातडी भाजते, आणि डोळ्याजवळ चावली असताना चुना लावला आणि तो डोळ्यात गेला तर नजरेचे कायमचे नुकसान होऊ शकते. जागा ब्लेडने कापणे, तोंडाने विष ओढणे, वर दोरी आवळणे, यातले काहीच करू नये.

भगताकडे जाण्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. दहातले नऊ डंख आपोआप उतरणारच असतात, त्यामुळे मंत्राने उतरले असे वाटणे साहजिक आहे. पण दहावा डंख वेगळा निघाला तर गेलेला अर्धा तास परत येत नाही. विश्वास असेल तर भगताला गाडीत बरोबर घ्यावे, पण गाडी दवाखान्याच्या दिशेने निघालेली असावी.

हात कोपरापर्यंत सुजला तर?

काही जणांना बोटावर चावते आणि दुसऱ्या दिवशी हात मनगटाच्या वर सुजतो. सूज दहा सेंटिमीटरहून जास्त पसरते, एकदोन दिवस वाढत जाते आणि उतरायला पाच ते दहा दिवस लागतात. ही ‘मोठी स्थानिक प्रतिक्रिया’. दिसायला भयंकर, पण सूज चावलेल्या जागेला लागूनच असेल आणि श्वास, घसा, चक्कर असे काही नसेल तर जीवाला धोका नसतो.

या सुजेला पुष्कळदा ‘पू धरला’ समजून अँटिबायोटिकची गोळी दिली जाते. पहिल्या एकदोन दिवसांतली लाली आणि सूज सहसा जंतूंमुळे नसते, ॲलर्जीमुळे असते. तीन-चार दिवसांनी दुखणे उलट वाढले, ताप आला, पू दिसला, तर मात्र जंतुसंसर्गाचा विचार करावा. अशी मोठी सूज येणाऱ्यांपैकी साधारण शंभरातल्या पाच ते दहा जणांना पुढच्या डंखाला अंगभर प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणजे घाबरून जायचे कारण नाही, पण लक्षात ठेवायचे आहे.

खरा धोका : ॲनाफायलॅक्सिस

चावली पायाला आणि गांधी उठल्या पोटावर, पाठीवर. तिथून धोक्याची घंटा समजावी. चावलेल्या जागेपासून दूर, शरीरात दुसरीकडे काही घडू लागले की तो साधा डंख राहिला नाही.

बघायच्या गोष्टी अशा : अंगभर पित्त उठणे, खाज, अंग लालबुंद होणे. ओठ, जीभ, पापण्या सुजणे. आवाज घोगरा होणे, गिळता न येणे, घसा आवळल्यासारखा वाटणे. दम लागणे, छातीतून शिट्टीसारखा आवाज येणे. पोटात कळ, उलटी, जुलाब. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, थंडगार घाम, बेशुद्धी. पुष्कळ रुग्ण ‘मला काहीतरी होतंय, मी आता जातो’ असे म्हणतात. त्याला घाबरटपणा समजू नये, तेही एक लक्षणच आहे.

एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पित्त उठलेच पाहिजे असे नाही. काही जणांचा रक्तदाब थेट कोसळतो, अंगावर एकही गांध दिसत नाही. डंखानंतर माणूस एकाएकी पांढरा पडला, कोसळला, तर ॲनाफायलॅक्सिसच समजून धावपळ करावी.

हा शब्द फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे यांनी रूढ केला. त्यांनी आणि पॉल पोर्तिए यांनी १९०२ साली समुद्रफुलाच्या विषाचे प्रयोग कुत्र्यांवर केले. पहिल्या मात्रेतून वाचलेले कुत्रे काही आठवड्यांनी अगदी थोड्या विषाने मेले. विषाची सवय होऊन संरक्षण वाढेल ही अपेक्षा होती, घडले उलटेच. या शोधासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले.

आपल्या अलीकडच्या आठवणीतलेही उदाहरण आहे. कोरोनाची लस घेतल्यावर केंद्रावर अर्धा तास बसवून ठेवत असत, ते याचसाठी. लसीने अशी प्रतिक्रिया फार क्वचित येते, पण आली तर बहुधा त्या अर्ध्या तासात येते आणि तिथे इंजेक्शन तयार असते. डंखानंतर तासभर कोणीतरी जवळ बसावे, यामागचे गणित तेच आहे. फरक एवढाच की शेतात इंजेक्शन जवळ नसते.

वेळ किती असतो? ब्रिटनमध्ये १९९२ ते १९९८ या काळातल्या ॲनाफायलॅक्सिसच्या मृत्यूंचा अभ्यास डॉ. रिचर्ड पम्फ्री यांनी केला. कीटकाच्या डंखाने दगावलेल्यांमध्ये डंखापासून श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मधला काळ सुमारे १५ मिनिटांचा निघाला. खानवेल सिल्वासापासून सुमारे २० किलोमीटर, दुधनी सुमारे ४० किलोमीटर. घाटवळणाच्या रस्त्याने १५ मिनिटांत कोणीही सिल्वासा गाठू शकत नाही. म्हणून अशा वेळी ‘मोठ्या दवाखान्यातच नेऊ’ हा विचार चुकीचा. ज्या जवळच्या ठिकाणी इंजेक्शन मिळेल तिथे आधी, मग पुढे.

अर्धा मिलिग्रॅमचे इंजेक्शन

ते इंजेक्शन म्हणजे ॲड्रिनलिन. सुजलेला घसा मोकळा करते, श्वासनलिका सैल करते, कोसळलेला रक्तदाब वर आणते. दुसरे कोणतेही औषध ही तिन्ही कामे इतक्या पटकन करत नाही. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मुलांना वजनाप्रमाणे किलोला ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत देतात. गुण आला नाही तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा देता येते. औषध जुने, स्वस्त आणि देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते असायलाच हवे. लसीकरणाच्या सत्रासाठी जो ॲनाफायलॅक्सिस किट ठेवतात, त्यातही तेच असते.

अडचण होते ती दुसरीकडे. ‘चावली’ म्हटले की पुष्कळ ठिकाणी सवयीने ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन ही जोडी टोचली जाते. खाज आणि पित्तासाठी ॲव्हिल ठीक आहे. पण ॲव्हिलने घशाची सूज वेळेत उतरत नाही, कोसळलेला रक्तदाब चढत नाही. हायड्रोकॉर्टिसोनचा परिणाम दिसायला काही तास लागतात. म्हणून श्वास किंवा रक्तदाबाची लक्षणे असताना ॲड्रिनलिन आधी, बाकी सगळे नंतर, हाच जगभरचा नियम आहे. नातेवाइकांनी डॉक्टरांशी हुज्जत घालू नये, पण ‘माशी चावली, दम लागलाय, ॲड्रिनलिन द्यायचे का?’ एवढे विचारायला काहीच हरकत नाही.

गांधीलमाशीच्या विषावर सापासारखे प्रतिविष नाही. विंचवाचे उपचारही वेगळे. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही गोळी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी वापरात आणली आणि कोकणातले पुष्कळ जीव वाचले. ती गोळी गांधीलमाशीच्या डंखाला चालत नाही. ती रक्तदाब खाली आणते, इथे तो वर आणायचा असतो. म्हणून ‘काहीतरी चावले’ असे मोघम सांगू नये. काय चावले, कधी चावले, किती डंख, हे केंद्रावर पोहोचताच नीट सांगावे.

इंजेक्शनने बरे वाटले म्हणून लगेच घरी निघू नये. काही जणांना लक्षणे काही तासांनी पुन्हा उलटतात. डॉक्टर थांबा म्हणतील तितके तास थांबावे, रात्रभर म्हणाले तरी.

बाइकवर मधे बसवून नेऊ नये

आपल्याकडे रुग्ण नेण्याची सर्रास पद्धत म्हणजे बाइक. एक पुढे, एक मागे, मधे रुग्ण. हाड मोडले असेल तर निभावते. ॲनाफायलॅक्सिसमध्ये ते घातक ठरू शकते. या आजारात रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्त पायांकडे साचते. माणूस आडवा असेल तर हृदयाकडे थोडे तरी रक्त परत येते. त्याला एकदम उठवून बसवले किंवा चालवले की हृदय रिकामे पडते आणि ते तिथेच थांबू शकते.

म्हणून रुग्णाला आडवे ठेवावे, पाय उशीने किंवा गवताच्या भाऱ्याने उंच करावेत. दम लागत असेल तर टेकून बसू द्यावे, पाय मात्र लांब सोडलेले असावेत. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपली तर कुशीवर वळवावे. गरोदर बाईला डाव्या कुशीवर. तोंडात पाणी, दूध, गोळी काही घालू नये. चालवत रस्त्यापर्यंत नेण्याऐवजी खाटेवर किंवा चादरीच्या झोळीत उचलून आणावे. ईको, पिकअप, टेम्पो, ज्यात आडवे करता येईल ती गाडी बघावी. बाइक हा अगदी शेवटचा मार्ग, दुसरे काहीच मिळत नसेल तेव्हाचा. श्वास थांबला, हालचाल थांबली, तर छातीच्या मधोमध जोराने आणि भरभर दाबायला सुरुवात करावी.

१०८ ला फोन करताना सीमेवरच्या गावांनी एक काळजी घ्यावी. टॉवर कुठला लागतो त्यावर फोन शेजारच्या राज्याच्या कक्षातही जाऊ शकतो. म्हणून आधी राज्य किंवा केंद्रशासित प्रदेश, मग जिल्हा, तालुका, गाव आणि पाडा सांगावा. ‘माशी चावली’ एवढेच न सांगता ‘माशी चावली आणि श्वास घेता येत नाही’ असे सांगावे. त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी जवळच्या आरोग्य केंद्रात फोन करून रुग्ण येत असल्याचे कळवावे.

खूप डंख : दोन दिवसांनी येणारे संकट

पोळे फुटले आणि अंगावर वीस-तीस-पन्नास डंख बसले, तर ॲलर्जी नसलेल्या माणसालाही धोका असतो. इथे विषाचा साठाच मोठा झालेला असतो. स्नायूंच्या आणि रक्ताच्या पेशी फुटतात, त्यांतली द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात.

फसवे असे की हे लगेच दिसत नाही. माणूस पहिल्या दिवशी सुजलेला पण बोलता-चालता असतो. मग लघवी कोऱ्या चहासारखी तांबूस-काळी होते, कमी होते, दोन-तीन दिवसांत अंगावर सूज येते. तोपर्यंत घरी बसले तर डायलिसिसची वेळ येते. चीनच्या शान्शी प्रांतात २०१३ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात मोठ्या गांधीलमाश्यांच्या हल्ल्यांत ४० हून अधिक माणसे मेली आणि १,६०० हून अधिक जखमी झाली. त्यांतल्या अनेकांची मूत्रपिंडे निकामी झाली होती.

म्हणून डझनभर किंवा त्याहून जास्त डंख बसले, तर माणूस ठणठणीत दिसला तरी दवाखान्यात दाखल करावे. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांच्या बाबतीत कमी डंखांनाही. सलाईन लवकर सुरू झाले, रक्त-लघवीच्या तपासण्या वेळेत झाल्या, तर मूत्रपिंडे वाचण्याची शक्यता वाढते. सिल्वासाचे श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल हे या भागातले मोठे सरकारी रुग्णालय, सीमेपलीकडचे रुग्णही तिथे येतात. अशा रुग्णाला दुखतेय म्हणून डायक्लोफेनॅकची सुई परस्पर टोचून घेऊ नये, ती मूत्रपिंडांवर आणखी ताण आणू शकते. घरी सोडल्यावरही तीन-चार दिवस लघवीचा रंग आणि प्रमाण बघत राहावे.

ताडीचा पेला आणि उसाचा रस

गांधीलमाश्यांना गोड आवडते. ताडी, नीरा, उसाचा रस, पिकलेली फळे यांवर त्या येतात. अंधारात ताडीचा पेला तोंडाला लावला आणि आत माशी असेल तर डंख जिभेला किंवा घशात बसतो. इथे ॲलर्जी असण्याची गरजच नाही. नुसत्या साध्या सुजेनेही श्वासाची वाट बंद होऊ शकते. बर्फ चोखत तडक दवाखाना गाठावा, ‘बघू थोड्या वेळाने’ नाही. ताडी गाळून, उजेडात बघून प्यावी. मुलांच्या हातातल्या कॅनमधून किंवा बाटलीतून थेट पिण्यापेक्षा उघडा पेला बरा.

डोळ्याच्या बुबुळावर डंख बसला तर फक्त स्वच्छ पाण्याने धुवावे आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

एकदा रिॲक्शन आली, पुढे काय?

मोठ्या माणसाला एकदा डंखाने ॲनाफायलॅक्सिस झाला की पुढच्या डंखाला तो पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, साधारण निम्म्या जणांपर्यंत. अशा माणसाने हे घरच्यांना, मुकादमाला, सोबत काम करणाऱ्यांना सांगून ठेवावे. खिशात चिठ्ठी ठेवावी. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना दाखवाव्यात, कारण बीटा-ब्लॉकर गटातल्या गोळ्यांमुळे ॲड्रिनलिनचा गुण कमी येऊ शकतो. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

परदेशात अशा रुग्णांकडे ॲड्रिनलिनचे तयार पेन असते, टोपण काढून मांडीत दाबायचे. आपल्याकडे ते सहज मिळत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲड्रिनलिनची कुपी आणि सिरिंज घरी ठेवता येते का, कोणी द्यायची, किती द्यायची, हे शिकून घेता येते. अमेरिका-युरोपात विषाच्या अतिसूक्ष्म मात्रा वाढवत नेऊन तीन ते पाच वर्षे उपचार करतात आणि गांधीलमाशीच्या ॲलर्जीत तो फार परिणामकारक ठरला आहे. मोठ्या शहरातल्या ॲलर्जीतज्ज्ञाकडे याची चौकशी करावी.

पोळे दिसले तर

मशाल लावून पोळे जाळणे, दगड मारणे, रॉकेल ओतणे, हे अपघाताचे सर्वांत मोठे कारण. मोठ्या गांधीलमाशीच्या विषातच असा वास असतो की एक चिरडली की बाकीच्यांना हल्ल्याचा निरोप जातो. म्हणून पोळ्याजवळ माशी चापटीने मारू नये. हल्ला झालाच तर हात न हलवता तोंड-डोके कापडाने झाकून सरळ पळावे, घरात किंवा गाडीत शिरून दार लावावे. नदीत किंवा तळ्यात उडी मारू नये. माश्या वर घोंगावत राहतात आणि पोहता न येणारा बुडतो.

गवत कापण्याआधी लांब काठीने झुडूप हलवून दहा मिनिटे लांबून बघावे. एकाच भोकातून माश्यांची ये-जा दिसली तर तेवढी जागा सोडून खुणेचे फडके बांधावे. पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे, डोक्याला फडके, पायात बूट असावेत. कारखान्यांच्या शेडमध्ये, चाळीच्या पत्र्याखाली पोळे लहान असतानाच लक्ष द्यावे. शाळा, अंगणवाडी, रस्ता यांजवळचे मोठे पोळे काढायला पंचायत किंवा नगरपालिकेमार्फत जाणकार माणूस बोलवावा. आणि लांब जंगलात असलेले पोळे आहे तिथेच राहू द्यावे. गांधीलमाश्या पिकावरच्या अळ्या वेचून नेतात, शेतकऱ्याचे ते फुकटचे काम आहे.

थोडक्यात

• फक्त चावलेल्या जागी दुखणे-सूज : घरी उपचार, तासभर कोणीतरी जवळ.

• अंगभर पित्त, ओठ-जीभ सुजणे, दम, उलटी, चक्कर यांतले काहीही : आडवे ठेवा, १०८, जवळचे आरोग्य केंद्र, ॲड्रिनलिन.

• डझनभर किंवा जास्त डंख : ठीक वाटले तरी दाखल करा, लघवीचा रंग बघा.

• तोंडात-घशात डंख : थांबू नका.

• चुना, माती, ब्लेड, दोरी : काहीही नको.